डोळ्यांतले थेंब

मांजर्लीत आमच्या बिल्डिंगखाली मेडिकल चालवणाऱ्या ताईंचं नाव मला अजून माहीत नाही. गिऱ्हाईक बोलत असताना त्या मधूनमधून फक्त "आणि?" विचारतात. माणूस बोलून मोकळा झाला की "म्हणजे बघा" म्हणून त्याचीच हकिगत एका वाक्यात सांगतात. न सांगितलेलंही त्या वाक्यात येतं, म्हणून मला त्यांची जरा धास्तीच वाटायची.

गेल्या हिवाळ्यात बाबांना खोकला सुरू झाला आणि दम लागू लागला. ईसीजी, एक्स-रे सगळं नॉर्मल होतं, तरी एक जिना चढले की ते मटकन बसायचे. मी ताईंना हे सांगून त्यांच्यासाठी खोकल्याचं औषध मागितलं, तर ताई म्हणाल्या, "दुसरं काही चालू आहे?"

"काहीच नाही."

"आणि? डोळ्यांत वगैरे?"

"काचबिंदूचे थेंब, दिवाळीपासून. पण ते औषध थोडंच आहे?"

"म्हणजे बघा, आधी थेंब आले, मग दम. काही थेंबांनी श्वासनळी आवळते. पण मनाने बंद करू नका, नजर जाईल."

त्यांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललात. आजच थेंब बदलू."

महिनाभरात बाबा जवळच्या बुद्धविहाराच्या गच्चीवर ध्वज लावायला सगळ्यांच्या पुढे चढले आणि वरून ओरडले, "ताई, बघा, दम नाही लागला!"

खाली उभ्या असलेल्या ताईंनी दोन बोटं तोंडात घालून कडक शिट्टी मारली.