खडू कुठवर उडतो

जुलैतल्या एका सोमवारी, शाळा भरल्यावर वीस मिनिटांनी, राजारामपुरीतल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गातला पंखा सुरू झाला आणि त्याच्या पात्यांवर ठेवलेले खडूचे तुकडे वर्गभर उडाले. इजा कोणालाही झाली नाही. खडू ठेवणारी मुलगी विचारल्याबरोबर उभी राहिली. तिचं नाव सई. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. या गोष्टीला आता चार वर्षं होतील. मला सांगायचं आहे ते मात्र तिच्या वडिलांबद्दल. खोडकर मुलांवर ओरडणारे, हात उगारणारे, देवापुढे नारळ फोडणारे बाप मी पुष्कळ पाहिले. तक्रार आल्यावर तीच खोडी स्वतः करून बघणारा बाप कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसावा.

ते एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासतात. सकाळचं दूध वेगळं, संध्याकाळचं वेगळं, आणि म्हशींना रविवार नसतो. सई उठायच्या आत ते बाहेर पडत आणि ती झोपल्यावर परत येत. या नोकरीने त्यांना दोन नियम शिकवले होते. कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, कारण साय वर येते आणि फॅट खोटी लागते. आणि नमुन्याला आपला हात लागला तर तो नमुना बाद. हे नियम ते दुधापुरते ठेवत नसत. भाजीवाला, डॉक्टर, वॉर्डातला उमेदवार, सगळे ढवळून बघत. शाळेतून फोन आला की अर्ध्या दिवसाची रजा टाकत, खिशातली लांबट वही काढत आणि मुख्याध्यापिकांसमोर बसून चौकशी करत. त्या सोमवारी त्यांनी विचारलं, "मॅडम, पंखा कितीवर हुता?"

मॅडमना ते माहीत नव्हतं. "मग तपास अपुरा हाय की," असं म्हणून ते सईला घेऊन घरी आले. दुपारी दोन वाजता त्यांनी दिवाणखान्यातल्या पंख्यावर सहा खडू ठेवले आणि रेग्युलेटर एकेक घर पुढे सरकवला. मी बातमीदार, पण त्या दिवशी कुठली बातमी नव्हती म्हणून घरीच होतो. मला साक्षीला खाली बोलावण्यात आलं. दोनवर खडू दारापर्यंत जातो. चारवर तो कपाटावर आपटून फुटतो. पाचवर माझ्या चष्म्याला लागला. सईने टेपने अंतर मोजलं, वडिलांनी ते वहीत लिहिलं. स्वयंपाकघरातून सईची आई म्हणाली, "पोरीला घरात ठेवा आणि ह्यास्नी घाला पाचवीत. पट तरी तेवढाच ऱ्हाईल."

ऑगस्टमध्ये सईने शाळेची घंटा दहा मिनिटं आधी दिली. दोन वर्ग फाटकाबाहेर गेले. त्या दुपारी वडिलांनी गच्चीवर पितळी परात टांगली. लोक घंटेचा आवाज ऐकून निघतात की घड्याळ बघून, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करून खाली उतरल्या, रिक्षावाले वर बघू लागले. घड्याळ कोणीही पाहिलं नाही. वहीत नोंद झाली.

त्यानंतर हजेरीचं प्रकरण. गैरहजर असलेल्या चार मुलींच्या वतीने सई चार वेगळ्या आवाजांत 'हजर' म्हणाली आणि पाचव्या नावाला बाईंनी मान वर केली. घरी वडिलांनी खुर्ची मांडून संघातल्या माणसांची हजेरी घेतली. सईने चेअरमनपासून टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले. सईचं खिदळणं आणि वडिलांचं खोकत खोकत हसणं मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं. जिन्यात भेटल्यावर मी विचारलं, काय निष्पन्न झालं? ते गंभीरपणे म्हणाले, "पत्रकार, पोरीचा कान तयार हाय. ड्रायव्हर तर हुबेहूब."

शाळेला यात गंमत वाटत नव्हती, आणि शाळेचं चुकत होतं असं मला म्हणता येणार नाही. मुख्याध्यापिकांनी लेखी कळवलं की आणखी एक तक्रार आली तर सईचा दाखला घेऊन जावा. बारा दिवसांनी शिक्षकांच्या खोलीतल्या अकरा डब्यांची झाकणं अदलाबदल केलेली सापडली. एकही झाकण बसत नव्हतं. एका बाईंच्या पिशवीत आमटी सांडली होती.

या वेळी वडिलांनी मला बरोबर नेलं. "तुमी लिहून घ्या. तुमचा तर धंदाच हाय," ते म्हणाले. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर दाखल्याचा अर्ज होता. नाव भरलेलं होतं, सही तेवढी राहिली होती. सई दाराशी उभी होती. वडिलांनी वही उघडली आणि सवयीने सुरुवात केली. झाकणं स्टीलची किती, प्लॅस्टिकची किती? मुख्याध्यापिकांनी त्यांना हाताने थांबवलं.

"तुमच्या वहीत सगळं आहे," त्या म्हणाल्या. "कधी, कुठं, कसं. तिनं हे का केलं, ते आहे का?"

वडिलांनी पानं मागे उलटली. मग वही मिटली आणि सईकडे बघून म्हणाले, "सई, का गं?"

 सई चपलेच्या टोकाकडे बघत म्हणाली, "तक्रार आली की पप्पा दिवसा घरात असत्यात."

 बाहेर मधली सुट्टी चालू होती. वडील हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नमुना बाद हाय. ह्यात माझाच हात पडलाय." मुख्याध्यापिकांना नमुन्याचं काही समजलं नसावं, पण बाकीचं समजलं. त्यांनी अर्ज खणात ठेवला. "दिवाळीपर्यंत बघू," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी सईच्या वडिलांनी संघाकडे अर्ज केला. दर बुधवारी दुपारी बारानंतर रजा, बदल्यात बाकी दिवशी जादा काम. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मुलीसोबत.' साहेबांनी विचारलं, पोरगी आजारी आहे का? "न्हाय. चांगली हाय म्हणूनच," असं उत्तर त्यांनी दिल्याचं ते सांगतात; साहेबांकडून मी याची खात्री केलेली नाही. रजा मात्र मंजूर झाली. बुधवारी खालच्या मजल्यावर काय काय चालायचं, ते मी वरून ऐकत असे. साबणाचं पाणी, पतंगाची खळ, एकदा चक्क बेडूक. दिवाळी गेली. सहावीत, सातवीत, आठवीत शाळेतून एकच फोन आला आणि तो रिबिनीच्या रंगाबद्दल होता.

सई आता नववीत आहे. बुधवारी चार ते सहा तिचा गणिताचा क्लास असतो. ती मैत्रिणींबरोबर सायकलने जाते. वडिलांची रजा तशीच चालू आहे.

गेल्या बुधवारी साडेचारला मी वर्तमानपत्र द्यायला खाली गेलो. दार उघडं होतं. ते स्टुलावर उभे राहून पंख्याच्या पात्यांवर खडू ठेवत होते.

"पंखा नवा घेतलाय," ते म्हणाले. "बघावं म्हटलं."

खाली उतरून त्यांनी रेग्युलेटर दोनवर ठेवला. खडूचे तुकडे उडाले आणि एक दारापाशी, माझ्या पायाजवळ येऊन पडला. टेप टेबलावर होती. ती त्यांनी उचलली नाही.

सई साडेसहाला घरी आली. तोवर त्यांनी खडू गोळा केले नव्हते.