उदारामचा दलाल

गोंदियाकडच्या दवनीवाड्याच्या आसपास उदारामचं घर विचारलं तर लोक आधी "कोणता उदाराम?" म्हणतात. "दलाल उदाराम" म्हटलं की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडतं. दलाली त्याने जन्मात केलेली नाही. थोडं धान, दोन म्हशी आणि बायकोपुढे तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस. पण दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली आणि आमचा खडी गंमतचा खेळ उभा राहिला, की हाच मुखदुर्बळ गडी काळा चष्मा आणि पिळदार मिशी लावून लग्न जुळवणारा दलाल होतो. मग त्याच्या जिभेला हाड राहत नाही. मी पेटी वाजवतो, सुकराम ढोलकी. लोक मात्र येतात उदारामला पाहायला.

त्याच्या सोंगातला खरा माल एकच. मध्येच तो मांडवातल्या बायांमध्ये शिरतो, एखादीपुढे उकिडवा बसतो आणि म्हणतो, "का वो बाई, पोट्टी हाये का घरी? मले दे, रानी करून ठेवतो." बाईही काही कमी नसते. "तुया मायले ने!" असं काहीतरी हाणते आणि मांडव डोक्यावर घेतला जातो. या खेळाची एक रीत आहे. बाईने दिलेलं उत्तर खाली पडू द्यायचं नाही, वरच्या वर झेलायचं आणि त्याहून वरचढ उत्तर द्यायचं. त्यावर सुकरामची थाप पडते. उदारामच्या हातून आजवर एकही उत्तर खाली पडलं नव्हतं आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता, ते मी जवळून पाहिलं आहे.

गोंदियात एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये रत्नपाल नावाच्या तरुण वकिलाने संग्रहालय काढलं आहे. राजेमहाराजांच्या तलवारींचं नाही, टोळ्यांचं. वाघ मारणाऱ्यांचे लोखंडी सापळे, नोकरी लावून देणाऱ्यांची खोटी ओळखपत्रं, आणि एका भिंतीवर लग्नाच्या नावाखाली परमुलखात विकल्या गेलेल्या पोरींचे फोटो. लोकांनी शहाणं व्हावं म्हणून तो रविवारी कार्यक्रम ठेवतो. पण व्याख्यानाला खुर्च्यांशिवाय कोणी बसत नाही, म्हणून तो आमच्याकडे आला.

"उदारामभाऊ, तुमचा दलाल करा," तो म्हणाला. "लोक हसतील, थांबतील. मग एक आई बोलणार आहे, तिचं ऐकतील."

उदाराम फुलून गेला. मंडईबाहेर, शहरात, पक्क्या छपराखाली त्याला कोणी पहिल्यांदाच बोलावत होतं. आई बोलणार म्हणजे महिला मंडळाचं भाषण असेल, एवढंच आम्ही धरून चाललो.

त्या रविवारी आम्हाला मागच्या दाराने आत घेतलं, रंग लावायला खोली दिली, आलुपोहे दिले. भिंतीवरचे फोटो आमच्यापैकी एकानेही पाहिले नाहीत. आपण कुठे आलो आहोत हे बघावं, एवढीही अक्कल आम्हाला सुचली नाही. हॉल गच्च भरलेला, गोंदियाची पब्लिक, अर्धी हिंदी अर्धी मराठी, आणि उदाराम रंगात आलेला. वेळ होताच तो मंचावरून उतरला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या एका बाईपुढे जाऊन उकिडवा बसला. पांढरी साडी, काळवंडलेले हात, मांडीवर पिशवी. आमच्याच बाजूच्या खेड्यातली दिसत होती.

"का वो बाई, पोट्टी हाये का घरी? मले दे, रानी करून ठेवतो!"

बाईने त्याच्याकडे पाहिलं. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "देल्ली ना बापा. तुयासारखाच एक आला होता."

हॉल खदखदून हसला. लोकांना वाटलं, बाईने काय टोला दिला! आणि उदारामने, सवयच ती, तो वरच्या वर झेलला.

"पोट्टी गेली तं गेली! माय तं राहिली! चाल, तुलेच नेतो!"

सुकरामची थाप पडली. शिट्ट्या वाजल्या. एक शेठ उठून आला आणि त्याने उदारामच्या छातीला पिनेने बक्षिसाची नोट लावली. उदारामने वाकून मुजरा केला. बाई पिशवी घट्ट धरून तशीच बसून होती. मी पेटीवरून तिचा चेहरा पाहिला आणि माझी बोटं सुरावरून घसरली, पण का घसरली ते मला कळलं नाही.

ते कळलं रत्नपालने माईक हातात घेतल्यावर. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आता," तो म्हणाला, "आता रुक्माबाई बोलतील. मोनालीच्या आई."

तीच बाई उठली. उदाराम अजून मंचाच्या पायरीशी मिशी लावून उभा होता. त्याला ओलांडून ती वर गेली.

"मले भाषण येत नाही," ती म्हणाली. "तो मानूस आमच्या घरी बसला तं मस्त हसवे. अर्धा मोहल्ला गोळा होये. मी बी हसली, मायी मोनाली बी हसली. हसवनारा मानूस वाईट कसा असन, असं मले वाटलं. लगन लावून नेली. मंग फोन बंद झाला. पोलिसांनं दोघं धरले, ते म्हनतात आमाले मालूम नाही पुढं कोनाले देल्ली."

एवढं बोलून ती खाली उतरली. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू यायला लागले. सगळ्यांना कुठे पाहावं कळेना, म्हणून सगळे उदारामकडे पाहत होते. जणू ते हसलेच नव्हते, तो एकटाच हसला होता! मला त्या लोकांचा राग आला आणि त्याहून जास्त आमची शरम वाटली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी उदारामच्या तोंडावर पाहिलं.

परत येताना तो माझ्या गाडीवर मागे बसला होता. छातीवरची नोट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. ती घरी बायकोला दिसली. "चांगलं झालं वाटते," ती म्हणाली, तशी त्याने नोट शर्टासकट ओढून काढली आणि तो न्हाणीत जाऊन बसला. मंडईच्या सुपाऱ्या आल्या, त्या त्याने परत पाठवल्या. लोक घरी येऊन हातापाया पडले. "आता मायाच्यानं होत नाही," एवढंच बोलायचा. पानटपरीवर जाणं सोडलं. बाया समोरून आल्या की रस्ता बदलायचा.

एक दिवस मला म्हणाला, "मले तिच्या घरी ने."

रुक्माबाई तिरोड्याकडच्या एका खेड्यात राहते. आम्ही गेलो तेव्हा ती दुसऱ्याच्या शेतात धान कापत होती. उदाराम धुऱ्यावर चपला काढून उभा राहिला.

"बाई, मी तो. दलाल. मले माफ कर."

तिने विळा थांबवला नाही. "माफ करून का होते? मायी पोट्टी येते का?"

ती दोन पावलं पुढे कापत गेली, मग वळली.

"तुले मालूम नव्हतं, हे मले बी समजते. पन रडाले येऊन राहिला असशीन तं जा. कामाचं काही करत असशीन तं सांगते. त्या लोकायनं आनखी गावातल्या पोरी नेल्या. एखादीचा तं फोन घरी येत असन. तिले मायी मोनाली ठाव असन. मी इचाराले गेली तं लोकं म्हनतात, पोट्टी पयून गेली असन, अन् दार लावून घेतात. तुले कोनी दार लावनार नाही. तुले सारे ओयखतात."

विळा खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि धुऱ्यावर ठेवलेल्या पिशवीतून मोनालीचा फोटो काढून त्याच्या हातात दिला.

यंदाच्या मंडयांना उदाराम आमच्याबरोबर येतो, पण खेळात उतरत नाही. ना चष्मा, ना मिशी. आमच्या खेळात दुसरा कोणी दलाल होतो, त्याला जमत नाही. उदाराम दुपारी बायांच्या घोळक्यापाशी जातो, हातात फोटो असतो.

"बाई, हे पोट्टी कोठी पायली का? कोनाच्या लेकीनं फोनवर नाव घेतलं का?"

आणि लोक हसतात. त्याने तोंड उघडायच्या आतच हसतात. "दलाल आला वो, पोरी लपवा!" कोणीतरी ओरडते, "फोटो घेऊन फिरून राहिला, नवीन काढलं वाटते!" "हसू नोका, खरं इचारून राहिलो," असं तो म्हणतो, तर त्यावर आणखी मोठा हशा होतो, कारण रडवेलं तोंड करणं हीसुद्धा त्याचीच जुनी कला. मी पेटीजवळ बसून पाहतो आणि मला उठून त्या सगळ्यांच्या थोबाडीत माराव्याशा वाटतात. उदाराम मात्र लाजेने काळाठिक्कर पडतो, पण हलत नाही. हसून दमेपर्यंत उभा राहतो, मग तोच फोटो पुन्हा पुढे करतो. एखादी बाई मग फोटो हातात घेते, नीट पाहते, आणि नाही म्हणून परत देते.

संध्याकाळी रुक्माबाईचा फोन येतो.

"आज?"

"हसले बाई," उदाराम सांगतो.

"हसू दे," ती म्हणते, "उद्या दुसऱ्या गावी जाजो."