नाल्याकाठची रमतगमत

लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला मालकाने पन्नाशीत चिनी शिकायला लावलं. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या चिनी मंडळींनी लॉज भरलं होतं आणि त्यांना बाजारात नेणारी गाडी मालकाने मेव्हण्याच्या दिमतीला दिली होती. गाडी मेव्हण्याला, पायपीट पाहुण्यांना!

"चार शब्द शिक, दिवसपाळी कायमची तुझी," मालक म्हणाला. रात्रपाळीने तिचं पार चिपाड झालं होतं. ती मोबाइलसमोर घोकायला बसली. त्सोऊ-लू, पायी जाणं. त्सोऊ-लू, पायी जाणं.

"अगं, पायीच जायचंय ना? मग दहादा काय सांगतेस, जा की!" सासू करवादली.

मालकाला मात्र हा शब्द रुचेना. त्याने मोबाइलवर दुसरा शोधून काढला. "त्सोऊ-लू नको, त्यात कष्ट दिसतात. सान्-पू म्हण. म्हणजे रमतगमत फिरणं."

"नाल्याकाठून?"

"नाल्याचं चिनी तुला विचारलंय कुणी?"

बाजाराला दुसरी वाट नव्हती. फुटलेली फरशी, झाकणं चोरीला गेलेली गटारं, कोंबड्यांची पिसं आणि वर काळा, बुडबुडणारा गाळ. तिची जाऊ तिथेच घसरून मनगट मोडून घेऊन आली होती. आणि हा म्हणे रमतगमत! थुंकावंसं वाटलं तिला.

दिवसपाळीच्या पहिल्याच सकाळी एका फिटरची म्हातारी आई काठी टेकत काउंटरपाशी आली. बाजाराकडे बोट दाखवत, हसत तिने विचारलं, "सान्-पू?"

मागे मालक उभा. "हो म्हण, हो," तो पुटपुटला.

एक मान हलवली की काम फत्ते. बाईने म्हातारीच्या काठीकडे पाहिलं, मऊ कापडी बुटांकडे पाहिलं.

"लू पू-हाव," ती म्हणाली. रस्ता चांगला नाही. वर नाकही चिमटीत धरून दाखवलं. म्हातारी खळखळून हसली आणि सोफ्यावर बसली.

"मेव्हण्यांना फोन लावा. आजी गाडीची वाट बघतायत," बाई मालकाला म्हणाली.

पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणणार? मालकाने दातओठ खात फोन लावला. गाडी फाटकाबाहेर पडताच तो वळला. "फार शहाणी आहेस. आज रात्रीपासून रात्रपाळीलाच ये."

"येते. पण तुम्ही एकदा जाऊन या हो, रमतगमत."

दुपारी ती त्याच नाल्याकाठून घरी निघाली, नाकाला रुमाल, नजर पायाखाली. एका उघड्या गटारापाशी थांबून तिने मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि झपझप चालू लागली. रात्रीच्या आधी थोडी झोप काढायची होती.