सरकारच्या नावानं दिलेली हाक

नेपाळच्या डोंगरातल्या खर्कबेंसी गावाच्या डोक्यावर एक काळा कातळ आहे. त्यावर उभं राहून नैनसिंग परियारनं एकतीस वर्षं हाका मारल्या. चार वस्त्या, मध्ये दोन ओढे, पण त्याचा आवाज शेवटच्या घरातल्या चुलीपर्यंत पोचायचा. उद्या पाटाच्या कामाला घरटी एक माणूस. परवा लसवाली बाई येणार. कुणाचा रेडा सुटलाय, कोण वारलं. गावाचा कटुवाल होता तो. बाप कटुवाल, आजाही कटुवाल. एरवी मशीनवर चोळ्या शिवायचा आणि वर्षातून दोनदा घरोघर फिरून हाकेचं धान्य गोळा करायचा. तेही अंगणात उभं राहून. दमाई म्हणजे शिवणकाम करणारी, शिवून न घेतलेली जात; दमायाला उंबऱ्याच्या आत कोण घेतो?

हाकेची एक रीत होती. आधी सांगावा कुणाचा ते सांगायचं, मग सांगावा. "मुखियांचा सांगावा हो!" "शाळेचा सांगावा हो!" बापानं बजावलं होतं, "आपण नुसता घसा. शब्द ज्याचा त्याचा. बिननावाचा शब्द कधी ओरडू नको."

वैशाखात भूकंप झाला. ऐंशीतली सत्याहत्तर घरं बसली. दोन महिने ना वीज, ना मोबाईल. नैनसिंगचा घसा तेवढा चालू होता. कुठल्या ढिगाऱ्यातून आवाज येतोय, तांदूळ कुठं आलाय, ताडपत्र्या कधी, सगळं गावानं त्याच्याच तोंडून ऐकलं. त्याची बायको गोठ्याच्या भिंतीखाली सापडली, तेव्हा तिच्या मरणाची हाकही त्यानंच दिली. लोक त्याला दाइ, म्हणजे दादा म्हणायचे; म्हणायचे, कटुवाल दाइ नसते तर आपण मेलोच होतो. अंगणात उभं करणारी माणसं आता ताडपत्रीखाली शेजारी बसवून चहा देऊ लागली. त्याला ते आवडत होतं. पुढं कितीतरी वेळा त्यानं स्वतःच कबूल केलं, की आवडत होतं.

पडलेली घरं बांधायला सरकारनं पैसे जाहीर केले होते, नावांची यादीही झाली होती; पैसे अजून यायचे होते. कार्तिकात एका संस्थेचा निरोप आला. घरटी दोन बंडलं पत्रे मिळणार, थंडीच्या आत छप्पर उभं करा; ट्रक उद्या सकाळी खालच्या रस्त्यावर येईल. दुपारी नैनसिंगनं तशी हाक दिली. दिवस कलायला लागला तसे वरच्या वस्तीतले बामण टीकाराम बाजे बाजारातून धापा टाकत थेट त्याच्या ताडपत्रीपाशी आले.

"ए नैने, ठेव ती शिलाई. पत्रे कुणी घ्यायचे नाहीत."

"का हो बाजे?"

"अरे, पत्रे देताना अंगठा घेतात. मग सरकार म्हणणार, ह्याला छप्पर मिळालं, आता घराचे पैसे कशाला? यादीतून नाव कापणार! बाजारात सगळे तेच बोलतायत."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे! चहाच्या दुकानात एक इंजिनियर स्वतः सांगत होता."

"मग हाक कुणाच्या नावानं देऊ? तुमच्या?"

"माझ्या कशाला? मी कोण लागून गेलो? पैसे सरकारचे, यादी सरकारची. सरकारच्या नावानं दे. आणि पाय उचल. उद्या गाव नागवलं की म्हणतील, कटुवालाला ठाऊक होतं आणि गप्प बसला."

टीकाराम खोटारडे नव्हते. त्यांची म्हातारी आई ताडपत्रीखाली खोकत होती, आणि त्यांनी स्वतःसुद्धा पत्रे घेतले नाहीत. नैनसिंगनं एक विडी ओढली. ती संपेपर्यंत काय तो विचार केला. मग कातळावर चढला आणि ओरडला, "सरकारचा सांगावा हो! पत्रे घेईल त्याचं नाव कापलं जाईल हो!"

सकाळी ट्रक आला. संस्थेची एक मुलगी यादी घेऊन दगडावर बसली होती. दहा वाजले, बारा वाजले. तीन माणसं आली, तीही लांबूनच बघून परतली. नैनसिंग काय होतंय ते पाहायला खाली गेला, तर तिनंच त्याला हाक मारली.

"दाइ, तुमच्या गावचे लोक का येत नाहीत हो?"

तिला तिथल्या तिथं विचारता आलं असतं. पण हे खोटं आहे असं तिनं सांगितलं असतं, तर काल आपण जे ओरडलो त्याचं काय करायचं? तो म्हणाला, "कापणी चाललीय. कामात आहेत."

तीन वाजता ट्रक वळला आणि ओढ्यापलीकडच्या सिम्लेला सगळे पत्रे उतरवून गेला.

पौषात पहाटे ताडपत्रीच्या आतल्या बाजूलाही दंव गोठायचं. त्या वर्षी सीमेवर नाकेबंदी होती; गाड्यांना तेल नव्हतं, बस बंद, आरोग्य चौकीत औषध नव्हतं. खालच्या वस्तीत म्हेन्दो तामाङ आपल्या सासूबरोबर राहायची. नवरा मलेशियात. पौषाच्या सुरुवातीला तिला मुलगा झाला. सासूनं सगळ्या गोधड्या तिच्यावर टाकल्या, आत शेकोटी पेटवली, पण धुरानं पोर गुदमरायला लागलं, म्हणून विझवली. अकराव्या दिवशी सकाळी ते थंड लागलं. लामा यायचा होता, नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

पुरायला चार माणसं निघाली. नैनसिंग मागं मागं चालला. परतताना म्हेन्दोचा दीर एवढंच म्हणाला, "पत्रे असते तर जगलं असतं. पण सरकारनंच नको म्हटलं, आपण काय करणार?"

हे 'सरकार' त्याला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तो जिल्ह्याच्या गावी निघाला. दोन दिवस पायी. कचेरीतल्या कारकुनानं मफलर सोडून ऐकून घेतलं.

"पत्रे घेतले म्हणून नाव कापतात? कोण म्हणालं?"

"सरकार."

"सरकार आम्हीच की! आम्ही कधी म्हटलं? पत्रे वेगळे, घराचे पैसे वेगळे. कुण्या गाढवानं उठवलं हे?"

"मी," नैनसिंग म्हणाला. "मी ओरडलो."

कारकून हसायला लागला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून थांबला.

"लेखी द्याल, साहेब?"

"जे घडतच नाही ते घडत नाही, असं लेखी कसं देऊ? जा दाइ, सांगा लोकांना."

गावात पोचताच पाणीही न पिता तो कातळावर गेला. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या नावानं हाक दिली. "नैनसिंग कटुवालाचा सांगावा हो! मी खोटं ओरडलो होतो! पत्रे घेतले तरी नाव राहतं हो! संस्थेला परत बोलवा हो!"

मग खालून कुणीतरी ओरडलं, "किती पत्रे मिळाले रे तुला, हे सांगायचे?" आणि दोन-तीन वस्त्यांतून हसणं ऐकू आलं. टीकाराम बाजे तर भेटतील तिथं म्हणायचे, "पैसे बुडाले तर तू भरून देशील का?" आधीची हाक सरकारची होती. ही एका दमायाची.

मग त्यानं ओरडणं सोडलं. सिम्लेत ज्यांना जास्तीचे पत्रे मिळाले होते त्यांनी ते बकऱ्यांच्या गोठ्यावर घातले होते. त्यांच्या दारोदार जाऊन त्यानं हात जोडले. तिघांनी दोन-दोन दिले. कपाळाला पट्टा लावून सहा पत्रे त्यानं ओढ्यातून वर आणले. वारा सुटला की पत्र्यांसकट माणूस भेलकांडायचा. म्हेन्दोच्या ताडपत्रीपाशी त्यानं ते उतरवले.

सासू बाहेर आली. "हे इथं नको."

"आमा, मी कचेरीत विचारून आलोय. काही होत नाही."

"पोर तर गेलंच. आता नावही कापलं तर माझा मुलगा तिकडे जन्मभर राबेल. तू आता विचारलंस होय? तेव्हा विचारायचं होतंस."

तो पट्टा गुंडाळत उभा राहिला. तेवढ्यात म्हेन्दो आतून आली. कुणाकडे न पाहता तिनं वरच्या पत्र्याचं एक टोक धरलं. सासू बाजूला सरली. दोघांनी तिन्हीसांजेपर्यंत बांबू रोवले.

म्हेन्दोच्या छपरावर वाऱ्यात पत्रे वाजतात हे ऐकून हळूहळू आणखी पाच-सहा घरांनी सिम्लेहून मागून आणले. बाकीचे तसेच राहिले. टीकाराम बाजेंची आई माघात गेली.

घराचे पैसे आले ते पुढच्या वर्षी. त्या दिवशी सिम्लेचे आणि खर्कबेंसीचे लोक एकाच रांगेत उभे होते. नाव कुणाचंच कापलं नव्हतं. नैनसिंग आता हाका मारत नाही. वॉर्डानं भोंगा घेतलाय.

म्हेन्दोचा नवरा फुर्बा पोर गेल्यावर चौदा महिन्यांनी रजेवर आला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो नैनसिंगच्या अंगणात येऊन बसला. नैनसिंगला वाटलं, आता हा मारणार. त्यानं मशीन थांबवलं.

फुर्बा म्हणाला, "घरात कुणी बोलत नाही. आई रडते, ही उठून जाते. दाइ, तुम्ही होता ना तिथं? कसा दिसत होता तो?"

"गुंडाळलेला होता," नैनसिंग म्हणाला. "मला नाक तेवढं दिसलं. आणि थोडे केस. काळे होते, दाट."

"माझ्यासारखं होतं का, नाक?"

"ते मला नीट कळलं नाही," नैनसिंग म्हणाला.

फुर्बानं मान हलवली आणि तो तसाच बसून राहिला.