‘एक्सीड’चं उदाहरण

सलीमच्या शोकसभेत मी लोकांना हसवलं. ठरवून नव्हे. लातूरचा तो हॉल त्याच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी भरला होता, डोळे पुसणं चालू होतं, आणि त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त म्हणून नांदेडहून खास बोलावलेला मी माईक हातात घेऊन म्हणालो, ‘‘मी माधव. सलीमनं आयुष्यभर आपल्या सगळ्यांच्या अपेक्षा एक्सीड केल्या.’’ पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या रांगेत. मग अख्खा हॉल, तोंडाला रुमाल लावून, माना खाली घालून, पण हसतच होता. मला वाटलं, पँटची चेन... तीही चाचपून पाहिली. चेन जागेवर होती.

हा शब्द मला सलीमनंच दिलेला. नांदेडला त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. बारावीच्या वर्षी तिथं बसवून त्यानं मला इंग्रजी शिकवलं. तो शर्टाची काजं करायचा आणि मी निबंध म्हणून दाखवायचो. चुकलो की सुई माझ्या दंडाच्या दिशेनं यायची. मी पास होईन असं भोकरकडच्या आमच्या गावात कुणालाही वाटत नव्हतं. वडिलांनी तर नांगरामागची माझी जागा आधीच नक्की करून टाकली होती. निकाल लागला आणि मी पास झालो, अगदी काठावरून. सलीमनं कॉलेजच्या गेटात मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाला, यू एक्सीडेड माय एक्स्पेक्टेशन्स. मी अर्थ विचारला, तर म्हणाला, लई मोठी तारीफ असते, जपून ठेव.

मी कसला जपून ठेवतोय... वापरत सुटलो. लग्नात सासऱ्यांच्या पाहुणचाराला लावला, मुलीच्या बारशाला आचाऱ्याच्या जिलेबीला लावला, आणि तालुक्याच्या कचेरीत चिकटल्यावर प्रत्येक निरोप समारंभात लावला. एकदा बदली झालेल्या साहेबांना भर कार्यक्रमात म्हणालो, साहेब, तुम्ही आमच्या अपेक्षा एक्सीड केल्या. साहेबांचा चेहराच उतरला. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, मी एवढा नालायक वाटलो होतो का तुम्हाला? मी मनात म्हटलं, काय विनयशील माणूस आहे. हा किस्सा मी लातूरला जाऊन सलीमला सांगितला. तोवर त्याचे इंग्रजीचे क्लास जोरात चालले होते. तो एवढा हसला की बशीतला चहा त्याच्याच शर्टावर सांडला. कशाला हसतोस ते मात्र सांगितलं नाही. पुढचं सांग, एवढंच म्हणाला. मी पुढचं सांगितलं. माझ्याकडं पुढचं नेहमीच असायचं.

आणि मागच्या महिन्यात तो शिकवता शिकवता फळ्यासमोर खाली बसला, तो उठलाच नाही.

सभा संपल्यावर औशाची एक डॉक्टरीणबाई, सलीमची जुनी विद्यार्थिनी, माझ्याजवळ आली. चष्मा वर सरकवून मला नीट न्याहाळत म्हणाली, ‘‘तुम्हीच माधव? खरोखरचे? आम्हाला वाटायचं, सरांनी मनानं बनवलेत.’’ मग तिनं मला तो धडा सांगितला. ‘एक्सीड’ शब्द आला की सर फळ्यावर एक आडवी रेघ मारायचे. ही अपेक्षा, हिच्या वर गेलं तरच ‘एक्सीड’. शब्द वापरायच्या आधी रेघ कुठं आहे ते बघायचं. हुशार पोरानं नव्वद मार्क काढले तर त्यानं नुसती अपेक्षा पुरी केली, त्याला हा शब्द लावायचा नाही. मग सर खाली वाकायचे, फळ्याच्या पार तळाला दुसरी रेघ ओढायचे आणि म्हणायचे, ही माझ्या दोस्ताची रेघ. ह्याच्याकडून ह्याच्या आईलाही काही आशा नव्हती. त्याला पस्तीस पडले. माधव एक्सीडेड एव्हरीवन्स एक्स्पेक्टेशन्स. प्रत्येक बॅचला हेच उदाहरण. बाई हे इतक्या प्रेमानं सांगत होती की मला नीट चिडताही येईना.

मी विचारलं, शेवटी माझ्याबद्दल काही चांगलं म्हणायचे का? तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

‘‘नाही सर. मग पुढचा शब्द यायचा, ‘एक्सेल’, म्हणजे सगळ्यांत सरस ठरणं. त्याला उदाहरण स्वतःचं द्यायचे.’’

हसू नका. माझी तारीफ आयुष्यात दुसऱ्या कुणी केलेलीच नाही. वडिलांनी नाही, साहेबांनी नाही, आणि बायको तर सत्यवचनी आहे. प्रमोशन हुकलं, पोरगी सासरी नांदेना म्हणून परत आली, तेव्हा मी सलीमचं ते वाक्य मनातल्या मनात म्हणून उठून उभा राहिलोय. आणि हा दोस्त तिकडं माझी रेघ जमिनीला टेकवून पोरांना दाखवत होता. माझ्या घरी भाकरी चुरून खाताना, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना हे त्याच्या पोटात होतं. जिवंत असता तर गचांडी धरली असती. तीही सोय त्यानं ठेवली नाही.

तसाच उठलो आणि त्याच्या घरी गेलो. क्लासच्या खोलीत बाकं एकावर एक चढवून ठेवली होती. फळा भिंतीवर होता. तळाशी, एका ठरावीक जागी, रेघ ओढून ओढून त्याचा काळा रंग उडाला होता... मी बघत राहिलो. नसरीनभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वळून त्यांना सरळच विचारलं, तो इतकी वर्षं माझ्यावर हसत होता का?

‘‘हाव,’’ भाभी म्हणाल्या.

‘‘मग मला एकदा तरी सांगायचं होतं त्यानं.’’

‘‘ते काय सांगतील? तुम्ही यायचे म्हटलं की सकाळपासून म्हणायचे, आज माधवला त्या तारीफचा अर्थ कळणार बघ, आज तो विचारणार, माझी रेघ कुठं होती म्हणून. त्यासाठीच तर तुमचे सगळे किस्से ऐकत बसायचे. तुम्ही गेले की मग मान हलवत राहायचे.’’ त्यांनी पदरानं बाकावरची धूळ झटकली. ‘‘एकच अपेक्षा ठेवली होती माधवभाऊ तुमच्याकडून. तीबी पुरी झाली न्हाई.’’