चपट्या तोंडाचे छर्रे

अंबरनाथच्या शूटिंग हॉलमधले ते निवृत्त फिटर माझ्याच वयाचे, तरी मला ‘आजी’ म्हणतात. मीही मग त्यांना ‘मास्तर’ म्हणते. एअर रायफल हातात देण्याआधी ते प्रत्येकाकडून नळी, घोडा, दस्ता, नेम धरायची माशी असं बोट लावून वदवून घेतात. एक चुकलं की पुन्हा नळीपासून! निशाणाचं कार्ड मात्र ज्याचं त्याला परत देतात, “घरी जाऊन बघा” म्हणत.

तेव्हा मी जेमतेम बासष्टची, अक्कलदाढ न आलेली पोर! ज्येष्ठांच्या स्पर्धेची निवड दुसऱ्या दिवशी होती, आणि मी उल्हासनगरातून टोकदार छर्ऱ्यांचा महागडा डबा मिरवत आणला. दुकानदार म्हणाला होता, “आंटी, एकदम नुकीला माल!” टोक असलेलं जास्त टोचणार, एवढंच माझं शास्त्र.

मास्तर हसले नाहीत. माझीच रायफल टेकूवर ठेवून त्यांनी माझे पाच छर्रे मारले, मग हॉलमधले चपट्या तोंडाचे पाच. पहिल्या कार्डावर फोडणीतली मोहरी उडावी तशी भोकं. दुसऱ्यावर पाचांचं मिळून एकच, नाण्याखाली झाकलं जाईल एवढं.

“बघा आजी, छर्रा कुठला घ्यायचा ते रायफलीला विचारायचं. दुकानदाराला नाही.”

दुसऱ्या दिवशी मी चपटेच वापरले. शेवटचा थेट मधोमध बसला, यादीत माझं नाव लागलं आणि मी हॉलमध्ये चक्क उडी मारली!

मास्तर शाबास म्हणाले नाहीत. “गुडघे सांभाळा,” म्हणाले, आणि माझं कार्ड घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं.