हात नसलेली खुर्ची

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. देवासच्या दरबारात त्यांनी उभी हयात कारकुनी केली. अंगावरून वारं जाऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा मी धारला मास्तर होतो. रजा घेऊन आलो त्याच सकाळी ते न्हाणीत पाटावरून उठताना पडले. कपाळाला खोक पडली. वैद्यबुवांनी हळद दाबली आणि मला अंगणात नेऊन म्हणाले, "ही भरेल. पण पुन्हा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर या वयात अंथरुणातून उठायचे नाहीत."

तेव्हापासून न्हाणीत तांब्या वाजला तरी मी हातातलं टाकून धावे.

पाट चार बोटं उंच. एवढ्या खाली बसलेला माणूस एका पायावर उठणार कसा? मी घरातला चौरंग काढला. उंच होता, पण लग्नामुंजींत वापरून गुळगुळीत झालेला. स्वतः त्यावर बसून अंगावर पाणी घेतलं आणि थेट मोरीपर्यंत घसरलो. आई हसली. मला हसू येईना. मग बाजारातून बसायचा वेताचा मुढा आणला, तर त्याच्या बुडाला चामड्याची पट्टी. दादा आंघोळ करून तसेच सोवळ्यात देवापुढे बसत. "चामड्याला शिवलेलं अंग देवाला कसं चालेल?" म्हणत आईनं मुढा बाहेर नेऊन ठेवला. "देवाचं काय जातंय, तो थोडाच पडणार आहे!" मी फणकारलो.

शेवटी माळवी सुतार गाठला. न्हाणीचं दार एवढं, मोरी तेवढी, अशी मापं मी मोठ्या तोऱ्यात सांगितली. तो निमूट ऐकून म्हणाला, "यो तो सब ठीक हे भिया, पण बैठने वालो कितरो ऊंचो हे? घुटना को नाप तो तम लाया नी." मास्तरकी तिथेच जिरली. घरी येऊन, दादा दुपारी पडले असताना, टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत सुतळी धरून माप घेतलं.

सातवासकडच्या जंगलातल्या सागाची खुर्ची झाली. बैठकीच्या पट्ट्यांत पाणी गळायला फटी, पाय बाहेर फाकवलेले, मागे पाठ आणि दोन्ही बाजूंना जाडजूड हात. डावा हात टेकायचा आणि उठायचं. माझा सगळा भरवसा त्या हातांवर होता.

दादा माझ्या खांद्याला धरून न्हाणीच्या दाराशी आले आणि थांबले.

"ही कोणाची?"

"तुमची, दादा."

"मला खुर्ची नाही."

मला आधी उमजेना. मग लख्ख आठवलं. दरबारात खुर्चीचा मान सरदार-मानकऱ्यांचा. कारकुनानं जाजमावर बसायचं, नाहीतर उभं राहायचं. दरबारानं न दिलेली खुर्ची हे गृहस्थ स्वतःच्या न्हाणीतही घेईनात, आणि तीही उघड्या अंगानं! "इथं कोण बघायला येतंय?" मी ओरडलो. "मी आहे ना," ते म्हणाले, आणि माझा हात धरून खाली पाटावर बसले.

तीन दिवस हेच. त्यांना काखेत धरून उठवताना मला दरदरून घाम फुटे. सुंभ जळला तरी पीळ जाईना. चौथ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. "पाठ आणि हात काप. मग तो चौरंगच झाला. चौरंगावर बसेन." आई म्हणाली, "ऐक बाबा त्यांचं." दोन लेकरांचा बाप झालो होतो, पण दादांच्या कपाळाला आठी पडली की माझी मान आपोआप खाली जाई.

सुतार करवत उचलेना. "हात मती काटो भिया. कई पकडी ने उठेगा?" मी त्याच्याकडून करवत मागून घेतली आणि पाठ नि हात स्वतः कापले.

दादा खुशीत बसू लागले. मी रोज डावीकडे उभा राहून आधार देई. आठवड्यानं रजा संपली. धारला शाळेची घंटा व्हायची तीच त्यांच्या आंघोळीची वेळ. फळ्यावर गणित मांडता मांडता माझा हात थांबे. आता बसले असतील. आता उठत असतील. प्रत्येक पत्रात मी आईला लिही, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहत जा. मला भयंकर भीती वाटे, आणि ती कोणाला सांगता येत नसे.

महिन्याभरात पत्र आलं. आई बंबातून पाणी काढायला वळली आणि तेवढ्यात दादा एकटेच उठायला गेले. टेकायला डावा हात बाजूला टाकला, तिथं काहीच नव्हतं. खुबा मोडला.

मी पोचलो तेव्हा ते उताणे पडलेले. पुढे एकदा पेज भरवत होतो, तेव्हा दादांनीच विषय काढला. "स्वतःला बोल लावू नकोस. तू माझं ऐकलंस. ऐकलं नसतंस, तर मी जन्मभर तुझ्यावर रागावलो असतो."

मी पेजेचा पुढचा घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांचा तो राग मला जन्मभर चालला असता.